वाक्यात उपयोग करा

इंग्रजी वाक्प्रचारांची मला शिसारी बसली आहे. इंग्रजी शिकवून पोट भरणाऱ्या बाईनं असं म्हणणं शोभत नाही, पण आहे ते आहे. बावीस वर्षं मी इंदापूर तालुक्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवते आहे, आणि संध्याकाळी बारामतीतल्या घरी, हॉलमधला सोफा भिंतीला सरकवून, शिकवणी घेते. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात रोज एक वाक्प्रचार, त्याखाली अर्थ, आणि त्याखाली माझी ठरलेली आज्ञा : वाक्यात उपयोग करा.

करतात. सगळे करतात. आणि सगळे एकच वाक्य करतात. 'बर्न द मिडनाइट ऑइल' म्हटलं की साठच्या साठ वह्यांत कोणीतरी 'तो' परीक्षेत पास होण्यासाठी मध्यरात्रीचं तेल जाळत बसलेला असतो, कारण गाइडात तो तसा बसलेला आहे. या पोरांचे बाप शेतीला रात्रपाळीची लाइट असली की बॅटरी घेऊन विहिरीवर मोटर चालू करायला जातात. पण बावीस वर्षांत एकाही वहीत तो बाप आला नाही. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' तर सगळ्यांना तोंडपाठ. आमच्या इंदापूरच्या बाजूला पाऊस मोजूनमापून येतो, आणि ही मुलं दर परीक्षेत आभाळातून मांजरं-कुत्री पाडतात. मी बरोबरची खूण करते आणि पुढचा पेपर उचलते.

हे कमी म्हणून की काय, आता फोन आलाय. डोळे चोळत उठावं तर तीन ग्रुपांवर गुलाबाच्या फुलासकट 'आजचा वाक्प्रचार' हजर. शाळेच्या गॅदरिंगपासून सोसायटीच्या सभेपर्यंत कुठलाही कार्यक्रम असो, निवेदक शेवटी 'लास्ट बट नॉट द लीस्ट' म्हटल्याशिवाय माइक सोडत नाही. मग आभार मंडपवाल्याचे का असेनात. मला ते ऐकलं की दातांखाली खडा आल्यासारखं होतं.

मला विचाराल तर वाक्प्रचार वापरायचा नियम एकच आहे आणि तो गाइडात नाही. वापरणाऱ्याला आपण तो वापरला हे कळता कामा नये. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी 'पोटात गोळाच आला माझ्या' म्हणतात, तेव्हा त्या वाक्यात उपयोग करत नसतात. त्यांच्या पोटात खरंच काहीतरी झालेलं असतं. इंग्रजांचंही तसंच असणार. नड असली की शब्द आपोआप तोंडात येतात. नड नसली तर तो नुसता दागिना, आणि तोही भाड्यानं आणलेला. हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. माहीत असून मी भाड्याचे दागिने वाटत राहिले. हे आधीच कबूल करते, कारण पुढं मी बऱ्याच जणांना नावं ठेवणार आहे.

माझे एक चुलत दीर पिंपळीला असतात. कालव्याचं पाणी, ऊस, शेडनेटमध्ये लाल-पिवळी ढोबळी मिरची, दारात गाडी. मुलगा एकतीस वर्षांचा झाला आणि चार वर्षं त्याच्यासाठी मुली बघणं चाललेलं. शेती करणाऱ्या मुलाला मुली मिळत नाहीत हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. भाऊजींच्या मते यात सगळा दोष मुलींच्या शिक्षणाचा. गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी ते आमच्याकडे आले आणि बशीत चहा ओतून फुंकर मारत म्हणाले,

"वैनी, अंथुर्ण्याचं एक स्थळ आलंया. पोरगी नर्शिंगच्या शेवटच्या वर्षाला हाय. म्हंत्यात, इंग्लिश लई फाडफाड बोलती. तेवढं जरा तुमी येऊन तपासा."

"तपासा म्हणजे?"

"म्हंजी आपलं ते, इडियम. दोन-चार इडियम इचारायच्या. इडियम आल्या म्हंजी इंग्लिश आलं, असं फोनवर एक सर सांगत हुते."

आणि त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. दुकानातून प्रिंट काढून आणलेली वीस वाक्प्रचारांची यादी, अर्थासकट. मिरची बाहेर देशात पाठवायचं त्यांच्या डोक्यात होतं. तिकडच्या लोकांचे मेल येणार, फोन येणार, तेव्हा घरातच इंग्रजी बोलणारं कोणी असलं तर बरं, असं त्यांनी मला समजावलं. जुना ट्रॅक्टर घेताना लोक मिस्त्री सोबत नेतात, तशी मी.

मला किळस आली. पण खोटं कशाला बोलू, थोडी सुखावलेही. बावीस वर्षांत या घरातल्या कोणी माझ्या इंग्रजीची विचारपूस केली नव्हती. यजमानांचं खतांचं आणि औषधांचं दुकान आहे, आणि त्यांचं इंग्रजी बाटलीवरच्या लेबलाएवढंच. ते म्हणाले, "जाऊ की आपण. घरचं काम हाय. न्हाय म्हटलं तर वाईट दिसतं." माझ्या हातून झालेल्या निम्म्याअधिक घाणेरड्या गोष्टी वाईट दिसतं म्हणूनच झाल्यात. मी इस्त्रीची सुती साडी नेसले. पर्समध्ये लाल पेन टाकलं. हे आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

भवानीनगर मागं टाकून आम्ही अकराच्या सुमारास अंथुर्ण्याला पोचलो. मुलगा गाडीत सगळा वेळ फोनमध्ये मान घालून होता. बारावीला तो इंग्रजीतच दोनदा अडकला होता. मुलीकडचं घर स्लॅबचं, नवीन फरशी, पुढं डाळिंबाची बाग. हॉलमध्ये भिंतीला लागून प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्यावर आम्ही आणि त्यांच्याकडचे दोघं-तिघं पुरुष. बायका स्वयंपाकघराच्या दाराआड. मधोमध एक रिकामं स्टूल. मुलीचे वडील, ज्यांना सगळे तात्या म्हणत होते, ते उगाचच पंख्याचं बटण कमीजास्त करत होते.

पोहे आले. मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली, वाकून वाकून सगळ्यांना चहा दिला आणि त्या स्टुलावर बसली. मग सुरू झालं. संपूर्ण नाव काय. उंची किती. चष्मा लागलाय का. भाकरी येती का. भाऊजी तोंडातला घास एका गालात सारून प्रश्न विचारत होते, आणि पोह्यातला शेंगदाणा त्यांच्या मिशीत अडकला होता. आमच्यासोबत आलेला त्यांचा एक मित्र म्हणाला, "फोटूत रंग जास्त उजळ दिसत हुता." म्हणाला आणि हसला. त्यावर मुलीचे वडीलही हसले. हे बघणं-दाखवणं मी माझ्या वेळी भोगलंय, आणि तेव्हा ठरवलं होतं की कोणाच्या मुलीला असं बघायला मी जाणार नाही. आता मी तिथं पहिल्या खुर्चीवर बसले होते.

"आता आमच्या वैनी इंग्लिशमधी इचारतील," भाऊजींनी जाहीर केलं आणि यादी माझ्या मांडीवर ठेवली.

मी पहिला विचारला, 'अ पीस ऑफ केक'. तिनं मान खाली घालून अर्थ सांगितला आणि वाक्य म्हटलं : हा पेपर माझ्यासाठी फार सोपा होता. गाइडातलं. दुसरा 'ब्लेसिंग इन डिसगाइज'. पुन्हा गाइड. सगळ्यांनी माना हलवल्या. मला कंटाळा आला आणि मी यादीतला तिसरा कुठला तरी उचलला, 'टर्न अ ब्लाइंड आय'. वाक्यात उपयोग कर, म्हटलं.

ती त्याच पाठ म्हटल्याच्या सुरात, फरशीकडे बघत, इंग्रजीत बोलायला लागली. तिचं बोलणं मी इथं मराठीत देते.

"माझे वडील माझ्या इच्छेकडे डोळेझाक करतात. मी त्यांना तीनदा सांगितलं, मला आत्ता लग्न करायचं नाही, परीक्षा द्यायची आहे. मॅडम, इथं इंग्रजी फक्त तुम्हाला येतं. प्लीज, चेहरा बदलू नका. पुढचा प्रश्न विचारा."

मी चेहरा बदलला नाही. 'फादर', 'मॅरेज', 'एक्झाम' हे शब्द त्या खोलीत सगळ्यांना कळत होते, पण कोणी दचकलं नाही. गाइडातल्या वाक्यांतही बाप आणि परीक्षा असतातच. तात्या माझ्याकडे बघून कौतुकानं म्हणाले, "लहानपनापास्नं हुशार हाय."

यादीवर बोट ठेवून मी विचारलं, 'इन हॉट वॉटर'.

"मी मोठ्या अडचणीत आहे," ती त्याच एका लयीत म्हणाली. "सुट्टीला घरी आले तेव्हा वडिलांनी फोन काढून घेतला. हॉस्टेलची बॅग कपाटात कुलपात ठेवली. पेपर पुढच्या महिन्यात आहेत. एक पेपर बुडाला तर माझं वर्ष जातं, आणि त्या वर्षभरात हे माझं लग्न लावून मोकळे होतील. मॅडम, यांना सांगा माझं इंग्रजी वाईट आहे. मला नापास करा."

"वा!" भाऊजी म्हणाले. "काय बोलती! थांबतच न्हाय."

तिचं इंग्रजी काही फार चांगलं नव्हतं. काळ चुकत होते, दवाखान्यातलं तुटक तुटक इंग्रजी होतं. पण बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर कोणीतरी वाक्प्रचार नड म्हणून वापरला होता. 'इन हॉट वॉटर' म्हणताना तिचा आवाज जरासा घोगरा झाला आणि मी यादीतला पुढचा वाक्प्रचार विचारायचं विसरले. मी शिकवलेल्या हजारभर मुलांपैकी एकाच्याही वाक्यानं मला असं झालं नव्हतं.

मी इंग्रजीतच, पुढचा वाक्प्रचार विचारावा तशा सुरात, तिला म्हटलं, "नापास केलं तर वडील रागावतील."

"रागावू दे. ते चार दिवसांत जातं. तुम्ही करा."

मी यादीची घडी घातली, चष्मा काढून पुसला आणि अगदी बोर्डाच्या मॉडरेटरच्या थाटात सांगितलं, "पाठांतर चांगलं आहे. पण इंग्रजी कच्चं आहे. मेल लिहिणं, फोनवर बोलणं, काही जमणार नाही हिला." तात्यांचा चेहरा पडला. मुलीनं मान आणखी खाली घातली, आणि मला दिसलं की तिनं सुटकेचा श्वास सोडला. मी मनात स्वतःवर बेहद्द खूश होते. किती सफाईनं केलं, असं वाटत होतं.

भाऊजी मांडीवर थाप मारून हसले.

"मग तर लईच झ्याक झालं की!"

मी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"वैनी, तुमाला आता सांगायला हरकत न्हाय. मागच्या साली एक पोरगी बघितली हुती, अशीच फाडफाड. तिनं पैल्याच बैठकीत इचारलं, पुण्यात फ्लॅट कधी घेताय म्हणून. तवापास्नं मी ठरवलं, पोरगी शिकल्याली पायजे, चार लोकांत सांगायला. पर लई इंग्लिश येणारी नगं. ती हितं ऱ्हात न्हाय. तेवढंच मला बघायचं हुतं. कच्चं हाय ना? मग आमची पसंती हाय, तात्या. ह्याच म्हैन्यात उरकून टाकू."

आणि मुलाला म्हणाले, "जा रं, डिकीतला पेढ्याचा बॉक्स आण."

पेढे बारामतीतूनच घेतलेले होते. माझ्या सीटमागच्या डिकीत सगळा रस्ताभर ते आमच्यासोबत होते. मेल, फोन, बाहेरदेशी मिरची, सगळ्या थापा. मला त्यांनी सुनेचं इंग्रजी चांगलं आहे का ते तपासायला नेलंच नव्हतं. मुलगी पळून जाण्याइतकी हुशार आहे का, एवढंच माझ्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. आणि मी ते मोठ्या डौलात वदले होते. तिनं मागितलेली नापासाची खूणच तिच्या गळ्यात बांधली गेली.

तात्यांचा चेहरा पुन्हा खुलला. खुर्च्या सरकल्या, कोणी नारळ आणायला सांगितलं, आतून बायकांची कुजबुज वाढली. मुलीनं मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. तिला वाटत होतं, आता मॅडम बोलतील. इतकं साधं होतं ते. 'तिला हे लग्न नकोय', अंथुर्ण्यातल्या शेंबड्यालाही कळेल असं मराठी वाक्य. पण माझ्या हातावर पेढा ठेवला गेला, आणि मी तो तोंडात टाकला. का टाकला ते मला अजून सांगता येत नाही. सगळे खात होते म्हणून टाकला असेल.

मग तीच उठून उभी राहिली.

"बाबा, मला हे लग्न करायचं नाही. मी आत्ता मॅडमना सगळं सांगितलं. मीच त्यांना म्हटलं, मला नापास करा म्हणून. विचारा त्यांना."

खोलीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. भाऊजी, माझे यजमान, भाऊजींचा तो मित्र, फोनमधून पहिल्यांदाच वर बघणारा मुलगा. तात्या माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"मॅडम, खरं हाय का हे?"

पेढा टाळूला चिकटला होता. हो म्हणाले असते तर मी भाऊजींना सर्वांदेखत फसवलं हे उघड झालं असतं. यजमान वर्षभर तोंड फुगवून बसले असते. दिवाळीला, लग्नाकार्याला, सगळीकडं हाच विषय निघाला असता. एवढंच. फाशी होणार नव्हती मला.

मी म्हणाले, "मला नीट कळलं नाही. फार भरभर बोलत होती."

कोणीतरी हसलं. मी इंग्रजीची बाई, आणि मला इंग्रजी कळलं नाही असं मी बावीस वर्षांच्या पोरीसमोर सांगितलं होतं. त्या वेळी मला त्याची लाजसुद्धा वाटली नाही. सुटले, एवढंच वाटलं.

तात्या मुलीकडे वळले. "पावन्यांम्होरं खोटं बोलतीस? मॅडमवर आळ घालतीस? एवढं शिकून हेच शिकलीस?" त्यांनी हात उगारला नाही. उगारला असता तर बरं, कारण मग कोणीतरी मध्ये पडलं असतं. ते नुसते दाराकडे बोट दाखवून म्हणाले, "आत जा."

ती माझ्याजवळून गेली. रडत नव्हती. परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या मुलाकडे मी ज्या नजरेनं बघते, त्या नजरेनं तिनं माझ्याकडे बघितलं.

भाऊजींचा अपमान झाला होता, आणि अपमान झाला की त्यांना लगेच तत्त्वं आठवतात. "तात्या, पोरगी तोंडाळ असली तर आमी सरळ केली असती. पर खोटी पोरगी नगं," असं म्हणून ते उठले. उरलेले पेढे बॉक्ससकट परत डिकीत गेले. घरी जाताना भवानीनगरच्या पुढं त्यांनी मला विचारलं, "वैनी, ती खोटंच बोलत हुती न्हवं?" यजमान आरशातून माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "असेल." आणि खिडकीबाहेर ऊस बघत बसले.

लग्न मोडलं, म्हणजे तिला हवं तेच झालं, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली. रोज फळ्यावर वाक्प्रचार लिहीत होते. फक्त त्या यादीतले ते दोन लिहिले नाहीत.

अडीच-तीन आठवडे असेच गेले. मग भवानीनगरला एका लग्नात मी जेवायला बसले असताना शेजारी अंथुर्ण्याच्या एक बाई आल्या. मला ओळखत नव्हत्या. जिलेबी मोडता मोडता त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. त्यांच्या वाडीतल्या एका पोरीनं बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर एका बारामतीच्या मॅडमवर धडधडीत खोटा आळ घातला. पाहुणे उठून गेले, आणि गावोगाव सांगत सुटले की ती पोरगी खोटारडी हाय. "आता तिच्या बापानं हट्टच धरलाय. जी पोरगी भरल्या घरात खोटं बोलती ती हॉस्टेलात काय करत आसंल, म्हंतोय. परीक्षेला बी सोडत न्हाय. माय रडून रडून अर्धी झालीया." मग माझ्या ताटाकडं बघून म्हणाल्या, "घ्या की, जिलेबी घेतली न्हाय तुमी."

मी ताट तसंच टाकून उठले आणि यजमानांना घरी चला म्हटलं. ऊन लागलंय असं त्यांना सांगितलं.

त्या दिवशी तसंच अंथुर्ण्याला जायला हवं होतं. तिथून किती लांब आहे? पण मी घरी आले. उद्या जाऊ म्हटलं. उद्या पेपर तपासायचे होते. परवा यजमान म्हणाले, "मिटलेलं परत कशाला उकरतीस? पिंपळीला कळलं तर?" मग एक दिवस पाहुणे, एक दिवस स्कूटी पंक्चर, एक दिवस डोकं दुखत होतं. खरं दुखत होतं. रोज सकाळी मी मनात वाक्य जुळवायची, काय म्हणायचं, कसं म्हणायचं, स्वतःला फार कमीपणा न येता कसं सांगायचं. इतकी वर्षं वाक्यं करायला लावणाऱ्या बाईला एक वाक्य करायला आठ दिवस लागले.

नवव्या दिवशी मी कोणाला न सांगता स्कूटी काढली. ऊन तापलं होतं. तात्या बागेच्या कडेला बसून ठिबकच्या जुन्या नळ्या गुंडाळत होते. मला बघून ते उठले, खुर्ची आणायला हाक मारायला लागले. मी बसले नाही. बसले असते तर पुन्हा पाणी, चहा, पोहे, आणि मग माझं धाडस गेलं असतं.

"तुमची मुलगी खरं बोलली होती," मी म्हणाले. "तिनं मला सगळं सांगितलं होतं. फोन, बॅग, परीक्षा, सगळं. मला शब्दन् शब्द कळला होता. मी खोटं बोलले."

अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

तात्या हातातल्या नळीकडे बघत म्हणाले, "मग त्या दिशी का न्हाय म्हणला?"

"घाबरले."

"कुणाला?"

मी स्कूटीची किल्ली पर्समध्ये टाकली. ते आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "म्हंजी पोरगी खोटी न्हवती."

"नव्हती. तात्या, तिला पाठवा. बॅग भरा तिची. मी आत्ता गाडी करून स्वतः हॉस्टेलवर सोडून येते. तिच्या सरांशी, मॅडमशी, लागेल त्याच्याशी मी बोलते."

त्यांनी नळीचं वेटोळं जमिनीवर ठेवलं. घराच्या दारात मुलगी येऊन उभी होती. आमचं बोलणं तिला ऐकू गेलं असणार. ती पुढं आली नाही.

तात्यांनी तिच्याकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाले,

"पैला पेपर काल झाला, मॅडम."